तक्रारवहीतल्या सतरा नोंदी

गेल्या रविवारी व्हिडिओ कॉलवर तू मला विचारलंस, "आजी, तू कधी कुणा बाईला मार खाताना पाहिलंयस?" कॉलेजसाठी तू जगभरातल्या बायका-मुलींवरच्या हिंसेवर लिहिते आहेस, ती थांबेल कशी हे शोधते आहेस, आणि आपल्याकडचं एखादं उदाहरण तुला हवं होतं. मी म्हणाले, "नाही गं, आपल्यात तसलं काही नव्हतं." मग तुझ्या भावाला त्याच्या दाढीवरून चिडवलं आणि विषय संपला.

मी खोटं बोलले. त्याआधीचंही एक खोटं आहे. दोन वर्षांपूर्वी माझं उजवं मनगट मोडलं, तेव्हा मी तुम्हाला सांगितलं होतं की बाथरूममध्ये पाय घसरला. तुझ्या भावाने तिकडून न घसरणारं पायपुसणं पाठवलं. चांगलं आहे, रोज वापरते. पण मी घसरले नव्हते. आता सगळं क्रमाने लिहिते, कारण मला क्रमानेच लिहिता येतं.

आमची सोसायटी तुम्ही पाहिली आहे. गंगापूर रोडच्या आतल्या गल्लीत, चार मजले, सोळा फ्लॅट, लिफ्ट बहुधा बंद. शाळेत एकतीस वर्षं इंग्रजी शिकवून मी निवृत्त झाले आणि सगळ्यांनी मला सेक्रेटरी केलं, कारण माझं अक्षर चांगलं होतं आणि दुसरं कुणी तयार नव्हतं. मी पहिली गोष्ट केली ती तक्रारवही. लाल कापडी पुठ्ठ्याची, पट्टीने आखलेले पाच रकाने: तारीख, वेळ, फ्लॅट, तक्रारीचे स्वरूप, कार्यवाही. वही जिन्याखालच्या टेबलावर, पेन दोरीने बांधलेलं. तोंडी तक्रार मी ऐकून घेत नसे. ज्याला जे म्हणायचं ते त्याने लिहायचं.

माझ्या डोक्यावर, तिसऱ्या मजल्यावर, एक जोडपं भाड्याने राहायला आलं. सहा वर्षांची मुलगी होती. तो सातपूरच्या एका कारखान्यात सुपरवायझर. सकाळची शिफ्ट संपवून साडेतीनच्या सुमारास घरी यायचा. ती इगतपुरीजवळच्या एका खेड्यातली, बी. ए. झालेली, हळू बोलणारी. तो मात्र सगळ्या बिल्डिंगचा लाडका. लिफ्ट बंद असली की माझा गॅस सिलिंडर खांद्यावर टाकून वर आणून द्यायचा. "काकू, मी असताना तुम्ही कशाला?" मी त्याला एकदा डबाभर बेसनाचे लाडू दिले होते.

पहिली नोंद आमच्या चेअरमनची. चौथ्या मजल्यावर राहतात, बँकेतून निवृत्त झालेले. "दु. ३.४०. ३०२. भांडी आपटण्याचा आवाज. विश्रांतीत व्यत्यय." मग तिच्या समोरच्या दारातल्या वहिनींची: "बाई मोठ्याने रडत होती. मुलाची बारावी आहे." मग कुणाची तरी: "जड वस्तू पडल्याचा आवाज, तीन वेळा." एक नोंद माझ्या अक्षरातही आहे. "दु. ३.४५. छताला हादरा. पंखा हलला."

पंखा हलला हे मी लिहिलं. तो कशाने हलला हे मला माहीत होतं. माणसाचं अंग जमिनीवर पडतं तेव्हा कपाट पडल्यासारखा आवाज येत नाही. आधी मऊ आणि मग लगेच कडक, असे दोन आवाज येतात.

तीन महिन्यांत सतरा नोंदी झाल्या. शेवटी माझ्याच घरी कमिटीची मीटिंग बसली.

"मॅडम, आता फार झालं," चेअरमन म्हणाले. "दुपारी डोळा लागत नाही."

"मी टीव्ही मोठा करते तर आमचे हे म्हणतात, बारीक कर, पोरगं अभ्यास करतंय," समोरच्या वहिनी म्हणाल्या. "माणसाने करायचं काय?"

खजिनदारांचं औषधाचं दुकान आहे. ते चहात बिस्किट बुडवत हसले. "बाईचा गळा बाकी जबरदस्त हं. मीठ जास्त पडलं असेल भाजीत. नवरा तर साधा माणूस, कालच माझी गाडी ढकलून दिली त्याने."

"मारतो तो तिला," वहिनी खाली बघून म्हणाल्या.

खजिनदारांनी दुसरं बिस्किट उचललं. मग चेअरमन म्हणाले, "असेल. तो त्यांच्या घरातला प्रश्न. आपला प्रश्न आवाजाचा. आवाज आपल्या नियमात बसतो."

नियमात काय बसतं ते मला पाठ होतं. मी मान हलवली आणि त्याच संध्याकाळी नोटीस लिहिली. मराठीत, आणि खाली इंग्रजीत, माझ्या पद्धतीप्रमाणे. "आपल्या सदनिकेतून दुपारच्या वेळी वारंवार आवाज येत असल्याच्या तक्रारी आल्या आहेत. दुपारी दोन ते पाच ही विश्रांतीची वेळ आहे. आवाज बाहेर येणार नाही याची दक्षता घ्यावी, ही विनंती." सही, शिक्का, एक प्रत फाइलला. दुसरी मी स्वतः त्यांच्या दाराखालून आत सरकवली.

आणि आवाज थांबला. आठ दिवसांनी मी शेवटच्या रकान्यात लिहिलं, "नोटीस दिली. तक्रारीचे निवारण झाले." चेअरमन जिन्यात भेटले. "मॅडम, तुमच्या पेनात ताकद आहे." मला बरं वाटलं, हे लपवत नाही.

मग मे महिना आला. एका दुपारी मी पलंगावर पडले होते आणि वरच्या घरात सरकत्या खिडक्या लागल्याचा आवाज आला. ॲल्युमिनियमच्या पट्टीवरून काच घरंगळत जाते तो. एक, दोन, तीन. मे महिन्यात, साडेतीन वाजता, नाशिकमध्ये कोण खिडक्या लावून घेतं? मग थोडा वेळ काही नाही. मग माझा पंखा हलला. आवाज नाही, ओरडणं नाही, फक्त पंखा हलला. पुन्हा हलला.

मी उठून बसले. मी तुम्हाला कधीच सांगितलं नाही ते आता सांगते.

माझे वडील कॉलेजात शिकवायचे. विद्यार्थी त्यांच्या पाया पडायचे. हॉलमध्ये फोटो आहे तो त्यांचाच. घरी आल्यावर काही बिनसलं असलं, आमटी निवली असली, आईने माहेरी पत्र लिहिलं असलं, तर ते एकच शब्द बोलायचे. "खिडक्या." ते काम माझं होतं. मी सात वर्षांची असेन. चार खिडक्या, लाकडी, खालीवर कड्या. आधी रस्त्याकडच्या लावायच्या, मग बोळाकडच्या. तोवर ते हातातलं घड्याळ काढून टेबलावर ठेवायचे, सरळ, पट्टा नीट पसरून. मग तिला मारायचे. छडीने, चपलेने, पितळी तांब्याने, बहुतेक वेळा हातानेच. शेवटची खिडकी लावताना माझी पाठ त्यांच्याकडे असायची आणि मी कडी लावायला जमेल तेवढा वेळ लावायची, कारण कडी लागेपर्यंत ते सुरू करत नसत.

एकदा सपाट पंजा तिच्या डाव्या कानावर बसला. कानातून रक्ताची बारीक धार मानेवरून ब्लाउजमध्ये गेली. त्या कानाने तिला पुन्हा कधी ऐकू आलं नाही. तुमच्या पणजीच्या उजव्या कानात ओरडून तुम्ही दोघं तिला गोष्टी सांगायचात, आठवतं का? लहानपणी सर्दी कानात उतरली, असं आम्ही सगळ्यांना सांगितलं. मीही सांगितलं, इतकी वर्षं. शेजाऱ्यांना ऐकू जाऊ नये, एवढीच एक शिस्त मी त्या घरात शिकले. मार वाईट असं कुणी म्हटलं नाही. वाईट होता तो आवाज. साठ वर्षांनी मी सही-शिक्क्यानिशी तेच दुसऱ्या बाईच्या घरात पाठवलं होतं.

हे मला तेव्हाच समजलं, तरी मी वर गेले नाही. हेही लिहून ठेवते. त्या दिवशी गेले नाही, दुसऱ्या दिवशी नाही, महिनाभर गेले नाही.

माझ्याकडे भांडी घासायला येणारी बाई तुम्हाला माहीत आहे, जी तुम्हाला मिरचीचा ठेचा बांधून देते. ती वरच्या घरातही फरशी पुसायला जायची. एकदा भांडी विसळता विसळता ती म्हणाली, "आजी, तुम्ही वर चिठ्ठी दिली ना?"

"नोटीस."

"त्येच. आता कसा आवाज येत नाय." नळ बंद करून ती माझ्याकडे वळली. "तुम्ही आवाजाचं लिवलं. माराचं लिवायला वहीत जागा नव्हती का?"

मी तिला म्हटलं, "तू तुझं काम कर." ती कामाला लागली, पण त्या दिवशी भांडी जरा जास्तच वाजली.

त्याच आठवड्यात ती मला जिन्यात भेटली, वरच्या मजल्यावरची. हातात कोथिंबिरीची जुडी. खालचा ओठ फाटून काळा पडलेला, ओढणी कानापर्यंत गुंडाळलेली. मी काहीतरी उन्हाबद्दल बोलले. ती दोन पायऱ्या वर गेली आणि थांबली.

"काकू, आता आवाजाचा त्रास नाही ना होत?"

मी तिच्या तोंडाकडे बघितलं. टोमणा असता तर बरं झालं असतं. ती खरंच विचारत होती.

"मी ओढणी दातात धरते," ती म्हणाली. "खिडक्या मुलगी लावते. हुशार आहे, सांगावं लागत नाही."

आणि ती वर गेली.

मी त्यानंतर दोन दिवस जेवले नाही, असं लिहिता आलं असतं. पण मी जेवले. फक्त दुपारी साडेतीनला पलंगावर पडणं बंद केलं. खुर्चीत बसून वर ऐकत राहायची.

तिसऱ्या दिवशी खिडक्या सुरू झाल्या. एक लागली. दुसरी लागली. तिसरी मध्येच अडकली, ठक, ठक, आणि त्या अर्धवट उघड्या खिडकीतून मुलीचा आवाज स्पष्ट खाली आला.

"पप्पा, थांबा ना. ही लागत नाहीये."

मी जिना कसा चढले ते आठवत नाही. कामवाली बाई ओल्या हातांनी माझ्या मागे होती. मी बेल वाजवली. दार मुलीने उघडलं, कारण पाहुणे आले की दार उघडायचं हेही तिला शिकवलं होतं.

स्वयंपाकघर समोरच होतं. त्याने बायकोची वेणी मनगटाला दोन वेढे देऊन धरली होती आणि तिचं डोकं ओट्याच्या कडेवर दाबलं होतं. दुसऱ्या हातात कुकरचं झाकण. तिच्या दातांत ओढणी होती, पिवळी, आणि ती पिवळी राहिली नव्हती. मला पाहून त्याने वेणी सोडली नाही. माझ्याकडे मान वळवून, सिलिंडर आणून देताना बोलायचा त्याच आवाजात तो म्हणाला, "सॉरी काकू, आवाज आला का? खिडकी बिघडलीय. उद्या माणूस बोलावतो."

आणि त्याने झाकण तिच्या जबड्यावर मारलं. कडेने.

"सोड तिला," मी म्हणाले.

"काकू, तुम्ही खाली जा. आवाज होणार नाही."

मी मुलीचा दंड धरला आणि तिला बाहेर, बाईच्या अंगावर ढकललं. मग आत पाऊल टाकायला दाराच्या चौकटीवर हात ठेवला. तो तीन ढांगांत आला आणि लोखंडी जाळीचं दार त्याने माझ्या मनगटावर आपटलं. एकदा, आणि हात निघेना म्हणून पुन्हा. हाड मोडल्याचा आवाज अगदी बारीक असतो, वाळकी शेंग मोडल्यासारखा. मी खाली बसले. दाराची कडी लागली. आत पुन्हा झाकण वाजलं.

मी ओरडले नाही. तेव्हाही नाही. सगळं आयुष्य त्या शिस्तीत गेलेलं. ओरडली ती कामवाली बाई. मुलीला कडेवर घेऊन, जिन्याच्या कठड्याला टेकून, पोटातून. "या रे! मारून टाकली बाई! दारं उघडा मेल्यांनो, रोज ऐकताय ना, आज बघा! या!"

दारं उघडली. समोरच्या वहिनी हातात लोखंडी बत्ता घेऊन आल्या आणि त्यांनी तो जाळीच्या कुलपावर घातला, दहा वेळा, बारा वेळा, शिव्या देत. त्यांना शिव्या येतात हे मला ठाऊक नव्हतं. त्यांच्या यजमानांनी आणि आणखी दोघांनी दार खांद्याने तोडलं. चेअरमन बनियनवर येऊन पायरीवर उभे होते आणि म्हणत होते, "हळू, हळू." पोलिसांना फोन कामवाल्या बाईनेच लावला.

त्याच्या बायकोचा जबडा दोन ठिकाणी मोडला होता आणि तीन बरगड्या. दवाखान्यात डॉक्टरांनी तिचे वरचे-खालचे दात तारेने बांधले. सहा आठवडे ती बोलू शकणार नव्हती. त्याने पोलिसांना सांगितलं की लोणच्याची बरणी काढताना ती स्टुलावरून पडली, आणि म्हाताऱ्या काकूंचा हात चुकून दारात आला. त्याचा भाऊ सगळ्यांना सांगत फिरला, "सोसायटीला विचारा. कधी एक तरी मारहाणीची तक्रार आहे का?"

प्लॅस्टरमधला हात घेऊन मी बसले होते तेव्हा चेअरमन भेटायला आले. मोसंबी घेऊन.

"मॅडम, ती वही. पोलीस मागतील."

"मागू द्या."

"तुम्ही नीट वाचली का? कुठे मारहाण शब्द नाही. आवाज, व्यत्यय, पंखा. वर तुमची नोटीस. त्याचा वकील आपल्यालाच धारेवर धरेल. आणि पेपरवाले? 'मार खाणाऱ्या बाईलाच शांत राहण्याची नोटीस.' तुमचे किती विद्यार्थी आहेत गावात." ते पुढे वाकले. "जुनी वही भरली, रद्दीत गेली. एवढंच म्हणायचं. मीही तेच म्हणेन."

मला मोह झाला नाही असं नाही. मी त्यांना म्हटलं, उद्या सांगते.

ते गेल्यावर मी वही उघडली आणि सतरा नोंदी पहिल्यांदाच एका बैठकीत वाचल्या. सात जणांची अक्षरं. वेळा ३.३५, ३.४०, ३.४५. प्रत्येक वेळी तो घरी आल्यानंतरच्या. मध्ये आठ दिवस तो कंपनीच्या ट्रेनिंगला पुण्याला गेला होता. मला नक्की आठवत होतं, कारण त्या आठवड्यात सिलिंडर वर आणायला कुणी नव्हतं. त्या आठ दिवसांत एकही नोंद नव्हती. तो गावाला गेला की स्टूल घसरत नव्हतं. ती बोलू शकत नव्हती, पण आम्ही भित्र्या माणसांनी आपली झोप मोडली म्हणून तिचा सगळा मार तारीख-वेळेसह लिहून ठेवला होता. ती वही रद्दीत गेली, तर तो सुटणार होता आणि ती मुलीला घेऊन पुन्हा त्याच घरात जाणार होती. तिच्या आईने मला दवाखान्यात सांगितलं होतं, "आमच्यात मुलगी परत घेत नाय हो, लोकं काय म्हनतील. पर केस झाली तर भाऊ ठिवून घेईल."

दुसऱ्या दिवशी महिला पोलीस आल्या तेव्हा मी वही दिली आणि नोटिशीची प्रतही. त्यांनी ती दोनदा वाचली.

"ही तुम्हीच दिली?"

"हो."

"आणि मग?"

"मग त्यांची मुलगी खिडक्या लावायला लागली."

साक्षीला उभी राहायला दीड वर्ष गेलं. सरकारी वकिलांनी प्लॅस्टिकच्या पिशवीतला एक कागद माझ्यासमोर धरला. माझीच नोटीस, फाइलमधली नव्हे, दाराखालून सरकवलेली. मध्ये तेलाचा डाग, कडेला हळदीची बोटं, वरच्या बाजूला एक गोल वळ. "पंचनाम्यात ही फ्रीजच्या दारावर मिळाली," ते म्हणाले. "लोहचुंबकाने लावलेली. सही आपलीच?"

मी हो म्हणाले. त्या गोल वळावरून माझी नजर हटेना. बोटं तिची होती.

मग त्याचा वकील उठला. तरुण, गोड बोलणारा. "आजी, आपण शिक्षिका. शब्द जपून वापरणाऱ्या. तेव्हा आपण आवाज लिहिलंत, आज मार म्हणता. मग तेव्हा खोटं लिहिलंत की आज खोटं बोलता?"

"तेव्हा खोटं लिहिलं," मी म्हणाले. "आम्ही सगळ्यांनी."

वकिलाने मला खाली बसायला सांगितलं नाही, म्हणून मी उभीच राहिले आणि पुढचं न विचारता सांगितलं: पंखा, खिडक्या, ओढणी, कुकरचं झाकण. खिडकी लागत नाही म्हणून मुलीने बापाला थांबायला सांगितलं, तेही. तिचा नवरा समोरच बसला होता. त्याने मला पूर्वीसारखंच पाहून किंचित मान लववली.

निकाल अजून लागलेला नाही. ती आता इगतपुरीकडे भावाच्या घरी असते, अंगणवाडीत काम करते. तू मला विचारलंस, हे थांबेल कसं. जगाचं मला सांगता येणार नाही. तुझ्या बिल्डिंगमध्येही कुणाच्या तरी खिडक्या अवेळी लागत असतील, आणि तुमच्याकडे काचा जाड असतात म्हणे. तू तुझ्या लिखाणात मारणाऱ्यांबद्दल लिहिशील ते लिही. पण एक पान आमच्यासारख्यांसाठी ठेव, आणि त्यात माझं उदाहरण घाल.

कोर्टातून बाहेर पडल्यावर ती आणि मुलगी माझ्याबरोबर समोरच्या बसस्टँडपर्यंत चालत आल्या. मी तिला विचारलं, नोटीस फ्रीजवर का होती.

"त्यानेच लावली," ती म्हणाली. बोलताना तिचा जबडा एका बाजूला जातो. "सुरू करायच्या आधी वाचायला लावायचा. मोठ्याने. शेवटची ओळ झाली की ओढणी तोंडात घाल म्हणायचा."

मला माफ कर, असं मी म्हणाले. तिने ते ऐकलं आणि बसची पाटी वाचायला लागली. मी पुन्हा म्हटलं नाही. मुलगी बसमध्ये आधी चढली आणि जागा पकडून खिडकीची काच मागे ढकलायला लागली. काच घट्ट होती. ती दोन्ही पाय टेकून ढकलत होती.

पायरीवर एक पाय ठेवून तिची आई माझ्याकडे वळली. "काकू, हात बरा आहे ना आता?"

बरा आहे, असंच मी म्हणणार होते. तेच सगळ्यांना म्हणत आले होते.

"नाही," मी म्हणाले. "दुखतो. थंडीत तर फार."

"माझा जबडापण," ती म्हणाली, आणि काच उघडायला मुलीजवळ गेली.